बाबा, आज घरी जेवायला येऊ नका

बिबट्या कुठे दिसला ते रेडिओवरून सांगायचं नाही, हा नियम मीच माझ्या अक्षरात लिहून स्टुडिओच्या दारावर चिकटवला होता. नियम वनखात्याच्या लोकांचा, पण मला मनापासून पटलेला. आदल्या वर्षी एका मळ्यातल्या विहिरीत बिबट्या पडला आणि आम्ही ते मोठ्या उत्साहानं सांगून टाकलं. तासाभरात विहिरीभोवती जत्रा भरली. पोरं मोबाईल धरून कठड्यावर चढली, म्हातारी माणसं मागून ढकलली जात होती. कोणाला काही झालं नाही, हे नशीबच. त्या दिवशी संध्याकाळी मी जाड पेनानं तो कागद लिहिला.

आमचं केंद्र लहान आहे. दोन खोल्या, एक मनोरा, मध्ये काच. जुन्नरचा पूर्वेकडचा भाग आणि आंबेगावची वरची थोडी गावं, एवढाच आमचा टापू. डोंगरात आहुप्याकडे वळलं की नुसती खरखर. माझं माहेर आंबेगावातलं, सासर जुन्नरचं. डी.एड. करून शिक्षिकेच्या नोकरीची वाट बघत चार वर्षं घरी बसले होते, तेव्हा कोणीतरी सांगितलं की रेडिओला बाई हवी आहे. गेले, कागदावरचा उतारा वाचला आणि निवड झाली. केंद्रप्रमुख म्हणजे आमचे सर, शाळेतून निवृत्त झालेले. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "घरी व्हतं म्हणा, इथं होतं म्हणायचं." नऊ वर्षांत ते अंगवळणी पडलं. स्टुडिओचं दार लागलं की माझी जीभ आपोआप नीट बसते.

सकाळी दहा ते साडेअकरा हा माझा बायकांचा कार्यक्रम. त्या मार्चमध्ये वाळवणाचा विषय चालू होता. कुरडयांचा चीक का फाटतो, पापडखार किती घालायचा, यावर फोन येत. बायका हौसेनं बोलत. फोन लागला की माझं ठरलेलं वाक्य, "ताई, आधी तुमच्या रेडिओचा आवाज बारीक करा." नाहीतर फोनमधून रेडिओ आणि रेडिओमधून फोन असा घुमत राहतो.

त्या दिवशी साडेदहा वाजून गेले होते. एक बाई साबुदाण्याच्या चकल्या सांगून गेल्या. पुढचा फोन मी घेतला आणि फेडर वर केला. फेडर म्हणजे आवाज वर-खाली करायची पट्टी. ती वर केली की फोनवरचं बोलणं थेट रेडिओवर जातं.

"नमस्कार, कोण बोलतंय? कुठून बोलताय?"

फोनवर नुसता श्वास. मग एका बाईचा आवाज, कुजबुजल्यासारखा, पण एकेक शब्द दाबून म्हटलेला.

"मामा, घरी वाघ शिरलाय. येऊ नका."

आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात. वाघ शब्द कानावर पडता पडता माझ्या हातानं फेडर खाली ओढला होता. दारावरचा कागद हातात भिनला होता म्हणा. दुसऱ्या हातानं मी गाणं लावलं. मला वाटलं, बाईनं चुकून आमचा नंबर लावला.

"ताई, हा रेडिओचा नंबर आहे," मी म्हणाले.

"म्हाईत हाय. मामांना सांगत व्हते. गेलं का त्यांना ऐकू?"

मला काही कळेना. "कोण मामा?"

"माझे सासरे. खालच्या मळ्यात हायेत, टोमॅटोत. त्यांच्यापाशी फोन न्हाई, लिंबाला रेडिओ टांगलेला अस्तो. तुमचंच लावत्यात रोज. आकरा वाजता जेवायला येतील. पुढचं दार सताड उघडं हाय अन् वाघ बाहेरच्या खोलीत बसलाय."

मी काचेवर हात आपटला. पलीकडे सर चहा पीत होते. माझा चेहरा बघून ते कप तसाच ठेवून आत आले. मी फोनचा आवाज स्पीकरवर टाकला.

तुकड्यातुकड्यानं जे कळलं ते असं. घर मळ्यात एकटं, दोन खोल्यांचं, वर पत्रा. शेजारच्या उसाच्या फडात तोडायचं मशिन लागलं होतं. त्या आवाजानं बिबट्या फडातून बाहेर पडला, कुत्री मागे लागली, आणि तो पळत येऊन थेट त्यांच्या बाहेरच्या खोलीत घुसला. ही आत स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. तिनं तो आत येताना बघितला, मधलं दार ओढलं आणि कडी घातली. दार प्लायवूडचं, खालची कड पाण्यानं फुगून सुटलेली. मागे दार नाही, गजाची एक खिडकी. झोळीत तिचा सात महिन्यांचा मुलगा झोपलेला. नवरा चाकणच्या कंपनीत पहिल्या शिफ्टला. कामावर असताना त्यांचे मोबाईल लॉकरमध्ये जमा असतात. त्याला लावून बघितलं, उचलला नाही. मग तिला सासऱ्यांचा रेडिओ आठवला. मागे एकदा गाण्याची फर्माईश करायला तिनं आमचा नंबर घेतला होता.

"आत्ता काय करतोय तो?" सरांनी विचारलं.

"धापा टाकतोय. दाराच्या खाली त्याची सावली दिसती."

सरांनी दुसऱ्या फोनवरून वनखात्याला फोन लावला. पत्ता तिच्याकडून विचारून सांगितला. ते लगेच निघतो म्हणाले, पण गाडी एका दुसऱ्या गावी पिंजरा लावायला गेलेली, पोचायला पाऊण तास लागेल. तोवर कोणालाही घराजवळ जाऊ देऊ नका, गर्दी करू नका, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

भिंतीवरच्या घड्याळात दहा बेचाळीस झाले होते. गाणं साडेचार मिनिटांचं, त्यातलं निम्मं संपलं होतं.

"मगाचं तिचं वाक्य बाहेर गेलं का?" सरांनी मला विचारलं.

"अर्धं गेलं असेल. मी फेडर ओढला."

"कुठपर्यंत?"

"माहीत नाही, सर."

खरंच माहीत नव्हतं. आपलाच हात आपण कधी खाली नेला ते आठवत नव्हतं.

"मग आता सांगायला पाहिजे," मी म्हणाले.

सरांनी दाराकडे बघितलं. दार उघडं होतं, त्यामुळे कागद भिंतीकडे गेला होता, पण आम्हा दोघांना तो वाचायची गरज नव्हती.

"गावाचं नाव घेतलंस की दहा मिनिटांत दोनशे माणसं जमतील," ते म्हणाले. "वाघ त्या दोन खोल्यांत कोंडलेला. दगड मारायला सुरुवात झाली तर तो कुठे जाईल? पुढून गर्दी असली तर तो आतलं दार फोडील."

"आणि म्हातारा अकराला उघडं दार बघून सरळ आत जाईल, त्याचं काय?"

"मी कुठं नाही म्हणतोय? गाव सांगू नको. नाव सांगू नको. आडनाव पण नको."

"मग त्यांना कळणार कसं की त्यांनाच सांगते आहे?"

गाण्याचं शेवटचं कडवं लागलं होतं. मी फोनकडे वाकले. "ताई, तुमच्या सासऱ्यांना लगेच ओळखू येईल असं काहीतरी सांगा. तुमच्या घरचंच. दुसऱ्या कोणाकडे नसेल असं."

मागे पोर कुरकुरलं. तिनं त्याला उचललं असावं, कारण नंतर तिचा आवाज फोनपासून जरा लांब आला. "आमची म्हैस व्याली आज पहाटं. रेडी झाली. कपाळावर पांढरा टिळा हाय."

मी सरांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. गाणं संपलं.

मी नऊ वर्षं त्या माइकसमोर बोलत आले आहे. बाजारभाव, हवामान, लसीकरणाच्या तारखा, हरवलेल्या शेळ्या. कधी अडखळले नव्हते. त्या दिवशी पहिलं अक्षर फुटायला वेळ लागला. दोन-तीन सेकंदच, पण रेडिओवर तेवढी शांतता फार मोठी असते.

"एका बाबांसाठी निरोप आहे," मी म्हणाले. "आज पहाटे ज्यांची म्हैस व्याली आणि कपाळावर पांढरा टिळा असलेली रेडी झाली, त्या बाबांनी ऐकावं. बाबा, आज घरी जेवायला येऊ नका. सूनबाई आणि बाळ सुखरूप आहेत. आतल्या खोलीत आहेत, कडी लावलेली आहे. पण तुम्ही पुढच्या दारानं आत जाऊ नका. मदत निघालेली आहे."

वाघ म्हणाले नाही. पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं. तिचा फोन मी पलीकडच्या खोलीत सरांकडे वळवला होता; काचेपलीकडे ते तो कानाला लावून उभे होते. मला बोलणं थांबवता येत नव्हतं, म्हणून ते कागदावर लिहून काचेवर धरत. पहिला कागद: "फवारणी चालू असेल." मला आधी अर्थ लागला नाही, मग लागला. टोमॅटोवर फवारणी चालू असेल तर पाठीवरच्या पंपाच्या घरघरीत लिंबाला टांगलेला रेडिओ काय ऐकू येणार.

मी आवाज चढवला. खरं तर त्यानं काही होत नाही. मी कितीही ओरडले तरी त्यांच्या रेडिओचं बटण जिथे आहे तिथेच राहणार. नवीन मुलींना हे मीच शिकवते. तरी चढवला.

दुसरा कागद: "दार खरवडतोय."

तिसरा: "पोराला पाजतेय. गप्प आहे."

दहा पन्नास. माझ्यासमोरच्या दुसऱ्या फोनचे दिवे लागत होते. बायका फोन करत होत्या. कोणाच्या घरी काय झालं, कोणाची म्हैस, काय निरोप. मी एकही उचलला नाही. निरोप सांगायचा, श्वास घ्यायचा, पुन्हा सांगायचा. सातव्या-आठव्या वेळेला माझ्या लक्षात आलं की मी "येऊ नका" ऐवजी "यिऊ नगा" म्हणते आहे. आमच्या माहेरी माझी आई असंच बोलते. जीभ कधी घरी गेली ते मलाच कळलं नाही, आणि तिला परत आणायला मला फुरसत नव्हती.

अकरा वाजले. सरांनी मान हलवली, नाही. अकरा वाजून दोन मिनिटं. मी काचेतून त्यांच्या ओठांकडे बघत होते, ते फोनवर काय म्हणतात त्याचा अंदाज घेत होते. त्यांचे ओठ हलत नव्हते. ते ऐकत होते. मला वाटलं, म्हातारा अंगणात आला. तो खाकरला असेल, चपला काढल्या असतील, आणि आता ती पोरगी दाराआडून ऐकते आहे.

चौथा कागद आला. त्यावर एकच शब्द, "खिडकी."

मला वाटलं बिबट्या खिडकीशी गेला. सरांनी माझा चेहरा बघितला आणि घाईघाईनं खाली लिहिलं, "सासरे. मागच्या खिडकीशी आले."

मी गाणं लावलं आणि पलीकडच्या खोलीत धावले. स्पीकरमधून आता दोन आवाज येत होते. म्हाताऱ्याचा आवाज बारीक आणि जवळचा, गजांना तोंड लावून बोलत असावा. "कडी धर. सोडू नको. फळी हाय का? फळी लाव खाली."

"पाट हाय."

"पाट लाव. पाय लावून बस."

लाकूड सरकल्याचा आवाज आला. मग पलीकडून गुरगुर. मी बिबट्याची गुरगुर त्याआधी फक्त दुसऱ्यांच्या मोबाईलवर ऐकली होती. ती घशातून येत नाही, जमिनीतून आल्यासारखी येते.

"वनखात्याचे लोक अर्ध्या वाटेवर आहेत," सर फोनवर म्हणाले. "बाबा, तुम्ही तिथेच थांबा. पुढे जाऊ नका."

"मी कुठं जातोय," म्हातारा म्हणाला.

मी खुर्चीत बसले. मला वाटलं, झालं. जे करायचं ते आपण केलं. पुढचं गाड्या आल्या की त्यांचं ते बघतील. एवढं समाधान मला जेमतेम दोन मिनिटं मिळालं.

"ताई," ती म्हणाली. "गाड्यांचा आवाज येतोय."

"वनखात्याच्या?"

"न्हाई. मोटरसायकली. लई हायेत."

मग म्हाताऱ्याचा आवाज चढला, तो कोणावर तरी ओरडत होता, मागे फिरा, मागे फिरा. आणि मग पुष्कळ आवाज एकदम. कोणी शिट्टी मारली. कोणीतरी "कुठाय, कुठाय" करत होतं.

सरांनी माझ्याकडे बघितलं. "कसं कळलं यांना?"

मीच तिला विचारलं, "ताई, रेडी झाल्याचं कोणाकोणाला माहीत होतं?"

"समद्यांना," ती म्हणाली. "सकाळी चार घरी चीक दिला की मी."

व्यालेल्या म्हशीचं पहिलं दूध, चीक, खरवसाला शेजारीपाजारी वाटायचं असतं. माझ्या सासरीही वाटतात. गोठा माझ्याही घरी आहे. तरी मला ते सुचलं नव्हतं. मी गाव लपवलं, नाव लपवलं आणि अख्ख्या वस्तीला घराचा पत्ता सांगितला. तोही बारा-पंधरा वेळा.

मी परत माइककडे गेले. गाणं मध्येच तोडलं. आता नियमबियम काही उरलं नव्हतं. "मळ्यात जमलेल्या सगळ्यांना सांगते आहे. आत एक बाई आणि तान्हं मूल आहे. तुम्ही पुढं गेलात, आवाज केलात, दगड मारलात, तर तो आत घुसंल. रस्त्यावर मागं जा. हात जोडते, मागं जा."

हे ऐकणार कोण, हा प्रश्न होताच. मोटरसायकलवरून आलेल्या पोरांकडे रेडिओ कुठला. पण म्हाताऱ्यानं आपला रेडिओ बरोबर आणला होता. नंतर कळलं, त्यानं आवाज पूर्ण मोठा केला आणि रेडिओ डोक्यावर धरून तो घराच्या बाजूनं गर्दीपुढे जाऊन उभा राहिला. बरीच माणसं बांधापर्यंत मागे हटली. काही हटली नाहीत.

तेवढ्यात वनखात्याची गाडी आली. मी गाणं संपवून परत सरांच्या खोलीत आले होते, हे मला फोनवरूनच कळलं. कोणीतरी हुकमी आवाजात माणसांना मागे लोटत होतं. मला हायसं वाटणार इतक्यात पत्र्यावर काहीतरी आदळलं. फोनमध्ये कानठळ्या बसवणारा आवाज. एक दगड, मग दुसरा. पोर किंचाळून रडायला लागलं. ती "आई गं" म्हणाली. मग काहीतरी जड पडलं, माणसं ओरडली, आणि फोन बंद पडला.

आम्ही दोघं त्या बंद फोनकडे बघत उभे. रेडिओवर त्या वेळी काहीही जात नव्हतं. नऊ वर्षांत पहिल्यांदा माझ्या वेळेत नुसती शांतता प्रसारित झाली. सर परत परत नंबर लावत होते. सहाव्या-सातव्या वेळेला तिनं उचलला.

"आमी बरे हाओत," ती म्हणाली. "गेला तो. फडात गेला." मग तिचा आवाज फुटला. "पण दादांना धरलं त्यानं."

दादा म्हणजे शेजारचे, पलीकडच्या बांधाचे. चीक मिळालेल्या चार घरांपैकी एक. ते काठी घेऊन आले नव्हते, मोबाईल घेऊनही नाही. ते आपल्या घरची बाज घेऊन आले होते. पुढच्या दाराला ती आडवी लावली तर बिबट्या आत कोंडून राहील आणि वनखात्याला सोपं जाईल, असं त्यांच्या मनात आलं. विचार वाईट नव्हता. ते दारापाशी पोचले आणि कोणीतरी पत्र्यावर दगड मारला. बिबट्या बाहेर उडी मारताना बाज आणि बाजेमागचा माणूस दोन्ही त्याच्या वाटेत होते.

दुसऱ्या दिवशी मी त्या घरी गेले. निमगाव साव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरून आत मळ्यात वळावं लागतं. म्हातारे ओट्यावर बसले होते. सून आतून पाणी घेऊन आली. फोनवर तिचा आवाज मला मोठ्या बाईचा वाटला होता. प्रत्यक्षात ती बावीस-तेवीस वर्षांची, हाडकुळी पोर. मधल्या दाराची खालची कड वीतभर फाटली होती. मी तिकडे बघितलं तर ती म्हणाली, "सुतार बोलावलाय."

मी म्हाताऱ्यांना विचारलं, "बाबा, निरोप कितव्यांदा ऐकू आला?"

"निरोप?" ते म्हणाले. "मी तर पहिल्यांदा हिलाच ऐकलं. 'मामा, घरी' एवढं आलं अन् बंद. मला हिचा आवाज कळंना व्हय? ती कवा कुजबुजत न्हाई. कायतरी इपरीत झालंय म्हणून पंप टाकला, रेडिओ घेतला अन् पळत सुटलो."

मी घड्याळाकडे बघून अकरा वाजायची धास्ती घेत बसले होते, तेव्हा तो माणूस केव्हाच निघाला होता. मी फेडर ओढला म्हणून अर्धंच ऐकून निघाला होता. काय झालंय ते माहीत नसताना.

"मग?"

"अंगणाच्या कडंला पोचलो व्हतो. दार दिसत व्हतं. तेवढ्यात तुमी बोलल्या, पुढच्या दारानं जाऊ नका. तिथंच पाय थांबला. मग उसाच्या पाचटातनं वळसा घालून मागं गेलो. येळ लागला."

"आणि रेडीचं सांगितलं ते?"

"ते कुठं नीट ऐकलं, राव. बाबा म्हणल्या, सूनबाई म्हणल्या, दार म्हणल्या. बास की."

मी पाण्याचा तांब्या हातात घेऊन बसून राहिले. रेडीचं सांगितलं नसतं तरी भागलं असतं. पण ते मला कसं कळणार होतं? आणि नसतं सांगितलं आणि म्हातारा आत गेला असता तर? हे मी स्वतःला त्या दिवसापासून किती वेळा विचारलं असेल.

वनखात्याचे अधिकारी केंद्रावर येऊन गेले. रागावले, पण फार नाही. त्यांचं म्हणणं असं की निरोपाआधी त्यांना एकदा विचारायला हवं होतं. त्यांनी गावच्या पोलीसपाटलांना फोन करून वस्तीचा रस्ता आधी अडवला असता. सरांनी सगळी जबाबदारी स्वतःवर घेतली. मी मध्ये बोलायला लागले तर त्यांनी मला फाईल आणायला बाहेर पाठवलं. फाईल वगैरे काही नव्हती. आता आमच्याकडे त्या भागातल्या पोलीसपाटलांचे आणि वनरक्षकांचे नंबर लिहिलेली वही असते, आणि फोन कोणी आधी करायचा ते ठरलेलं आहे.

मी मात्र अकरा दिवस माइकवर बसले नाही. सर्दी झाली म्हणून सांगितलं. बाराव्या दिवशी सर घरी आले, अंगणात उभं राहून म्हणाले, "बाजारभाव तरी वाचायला या. माझा आवाज ऐकून बायका कंटाळल्यात." मी गेले, वाचले.

दादांकडे जायला मला त्याहून जास्त दिवस लागले. दवाखान्यात गेले नाही. धीर झाला नाही. ते घरी आल्यावर गेले. उजव्या खांद्यापासून कोपरापर्यंत पट्टी होती. त्यांची बायको चुलीपाशी होती. मी कोण ते सांगितल्यावर तिनं मागे वळून बघितलं आणि एवढंच म्हणाली, "उजवा हात हाय त्यांचा." मग पुन्हा चुलीकडे तोंड केलं. मला बस म्हणाली नाही. दादांनीच डाव्या हातानं घोंगडी सरकवली.

"तुमचा आवाज रेडिओत जाड वाटतो," ते म्हणाले.

मी क्षमा मागायला गेले होते. वाक्य वाटेत जुळवून ठेवलं होतं, बातमी लिहून ठेवतात तसं. ते काही म्हणता येईना. शेवटी म्हणाले, "दादा, मी रेडीचं सांगितलं नसतं तर तुम्ही तिथं गेला नसता."

"गेलो नसतो," ते सरळ म्हणाले. "कसा जाणार? कळलंच नसतं."

"नंतर मी मागं जा म्हणून सांगत होते."

"ते ऐकलं. पण तवर मी बाज उचलली व्हती. आत लेकरू रडत व्हतं. बाज घेऊन मागं कसं फिरायचं?" ते हसले, आणि हसताना खांदा हलला म्हणून कळवळले. बायको लगेच उठून आली, उशी नीट केली आणि माझ्याकडे न बघता परत गेली.

डॉक्टरांनी सांगितलं होतं की हात उचलता येईल, पण पहिल्यासारखी ताकद यायला वर्ष जाईल. पुढे तसंच झालं. आता ते डाव्या हातानं धार काढतात, उजवा नुसता टेकवायला ठेवतात.

जरा वेळानं त्यांनी विचारलं, "पुन्यांदा असा फोन आला, तर सांगाल का न्हाई?"

मी म्हणाले, "माहीत नाही, दादा."

"सांगा," ते म्हणाले. "सांगितलं पायजे. म्हातारा जिता हाय."

चुलीपाशी भांडं जोरात आपटलं. त्यांची बायको चहाचा कप घेऊन आली आणि माझ्यापुढे जमिनीवर ठेवला, तेव्हा बशीत चहा हिंदकळला. तिचे डोळे लाल होते, धुरानं की कशानं ते मला विचारता येणार नव्हतं. बशीतला चहा मी कपात ओतून घेतला आणि ती समोर उभी होती तोवर सगळा प्याले.